कार्मेनच्या गल्लीतला दमा

"स्प्रे मार आधी. मग हिला तपासतो."

डॉक्टरकाका मराठीत म्हणाले. बाई समोरच खुर्चीत बसलेली. कार्मेन. पोर्तो रिकोची, कपड्यांच्या कारखान्यात कामाला, दम्याची पेशंट. तिला मराठी कळत नव्हतं, म्हणून मराठी.

मी डबा उचलला. तिच्याभोवती जंतुनाशक फवारलं. तिला ठसका लागला. खोकून खोकून डोळे भरले. तशातच ती मला म्हणाली, "सॉरी."

ती. मला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपूरहून मी न्यू जर्सीत शिकायला आलेली. दुपारी काकांच्या क्लिनिकमध्ये काम. नात्यातले नव्हेत, ओळखीतले मराठी डॉक्टर, म्हणून काका. 'आपली मुलगी' म्हणून ठेवलेली. आडनावाचा अर्थ लागला, तसं 'आपली' गळालं. काकूंनी जेवायला बोलावणं बंद केलं. मी गिळलं. शिक्षण पुरं करायचं होतं.

त्या दिवशी कार्मेन गेल्यावर काका म्हणाले, "हे स्पॅनिश लोक एकमेकांना चिकटून राहतात, घाण करून. मग आजारी पडतात. तुला काय सांगायचं! तू तसल्याच वस्तीतली."

आणि हसले. कौतुक केल्यासारखे.

त्यांची आली तितकीच मला माझीही किळस आली.

शनिवारी कार्मेनची राहिलेली औषधं द्यायला तिच्या घरी गेले. बसमधून उतरताच घसा जळला. गल्लीच्या तोंडाशी शहराचा कचरा जाळायची भट्टी. खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड. आत घर मात्र लख्ख. एक शेजारीण सूप घेऊन आलेली. दुसरी कार्मेनच्या मुलीची वेणी घालत होती.

कार्मेन मोडक्या इंग्रजीत सांगू लागली, "आधी आम्ही गोऱ्यांच्या भागात राहायचो. हवा छान. तापानं तीन दिवस पडून होते, कुणी दार वाजवलं नाही. इथं नुसती खोकले तरी भिंतीपलीकडून हाक येते."

"आणि ही भट्टी?"

"ती आमच्यानंतर आली. त्या लोकांना त्यांच्याकडे नको होती."

नागपुरात आमच्या वस्तीला लागून गावाचा उकिरडा होता. टाकायचं गावानं, आणि घाणेरडे आम्ही. इतकी वर्षं मीही ते खरं मानत आले होते. त्या दारात उभ्या उभ्या माझं डोकं तापलं.

सोमवारी काकांनी पेशंटांच्या फॉर्मचा गठ्ठा पुढे टाकला. डॉक्टरांच्या एका सभेत ते कार्मेनच्या वस्तीवर बोलणार होते. "आजाराचं कारण, तिथे 'अस्वच्छ राहणी' लिही. सगळ्यांच्या."

कार्मेनच्या फॉर्मवर मी लिहिलं, 'घराजवळ कचऱ्याची भट्टी.' त्याच गल्लीतल्या दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच.

काकांनी वाचलं. तोंड वाकडं केलं. "शेवटी जातीवर गेलीस."

"गेले," मी म्हणाले. "म्हणूनच दिसलं."

नोकरी गेली. ओळखीच्या मराठी घरांत मी कृतघ्न ठरले. ठरू दे. त्या गल्लीत दारोदार फिरून, कोण कधीपासून खोकतंय ते लिहून काढलं. कार्मेन आणि तिच्या शेजारणींबरोबर नगरपालिकेच्या सभेत उभी राहिले. तिथल्या सदस्यांनी आम्हाला दोन मिनिटांत गप्प बसवलं. भट्टी धुमसतच राहिली. पुढच्या सभेला आम्ही पुन्हा गेलो.

आता कुणी मला एखादी वस्ती घाणेरडी आहे म्हणून सांगितलं, तर मी मान डोलवत नाही. विचारते, घाण टाकली कुणी? नाव सांगा. आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नाही.