पुरणाचं पातेलं आणि लाल काटा

आमच्या मंडळाकडे एवढे किस्से साठले कसे, असं लोक विचारतात. कारण साधं आहे. इंजिन तापलं की बोनेट उघडून ते गार होईपर्यंत थांबावं लागतं. आणि रस्त्याकडेला खोळंबलेल्या पाच बायका गप्प बसलेल्या तुम्ही कधी पाहिल्यात का?

आम्ही नल्लकुंट्याच्या. हैदराबादेतल्या मराठी लग्नांना पुरणपोळीचा स्वयंपाक करून पोचवतो. व्हॅन जुनी, माझ्या मुलाच्या, गिरीशच्या नावावर. पण चालवते मी आणि खोलून बघतेही मीच. शाळा चौथीत सुटली. इंजिन मात्र मी स्वतःचं स्वतः शिकले, आणि हे सांगायला मला कुणाची भीडभाड नाही.

गाडी रिकामी असली की पळते झकास. पातेली आणि बायका भरून चढ लागला की टेंपरेचरचा काटा थेट लाल पट्ट्यात! गिरीशचं एकच पालुपद, "आई, भंगारात देऊन टाकू." गाडी गेली की मंडळ बुडालं, हे त्याला कुणी सांगावं? मी सांगितलं. ऐकलं नाही.

*

आबिड्सचे करीमभाई आमचे मेकॅनिक. दर वेळी रिकामी गाडी फिरवून आणत आणि म्हणत, "खाला, मक्खन चल री." शेवटी मी म्हटलं, उपाशी माणसाला कधी अपचन होतं का? लोड घेऊन बघा. आम्ही पाचही जणी चढून बसलो.

पहिल्याच चढाला काटा लाल. करीमभाईंनी फॅनबेल्ट बघितला, थर्मोस्टॅट बघितला, मग घाम पुसत सल्ला दिला, "खाला, वजन कम करो."

मागून आमच्यातल्या कुसुमवहिनींनी अगदी गोड आवाजात विचारलं, "किसका?"

तेव्हापासून करीमभाई आमच्याशी बोलताना फक्त इंजिनाकडे बघतात.

*

कुसुमवहिनींच्या मते गाडीला नजर लागली होती. त्यांनी पुढच्या जाळीवर लिंबू-मिरची बांधली. गाडी तापली. मग झेंडूचा हार आला. तरी तापली. मग आंब्याचं तोरण, लाल फडक्यातला नारळ, देवीची चुनरी. गाडी तापेल तसा साज वाढे, आणि साज वाढला की ती आणखी तापे.

एक दिवस मी समोर उभी राहिले, तर जाळी दिसेचना! रेडिएटरला वारा लागणार कुठून? सगळं ओरबाडून काढलं. त्या दिवशी काटा मध्यावरच राहिला. मी तोऱ्यात वहिनींकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, "बघा अक्का, सगळी नजर त्या हारानं स्वतःवर घेतली होती. काढलात ते बरं केलंत."

*

आमच्यातल्या मंदाताई शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेल्या. एकदा उन्हात, फ्लायओव्हरवर रेडिएटर कोरडा पडला. बाटल्याही रिकाम्या. गाडीत पातळ असं एकच होतं: पुरणाच्या डाळीचा कट, आमटीसाठी ठेवलेला. मी पाणी मागायला खाली गेले. परत येते तो मंदाताईंनी पातेलंभर कट रेडिएटरात ओतलेला!

मी कपाळाला हात लावला. "अहो अक्का, डाळ पाण्यातच शिजते ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तेही पाणीच."

गाडी सुरू झाली, हे खरं. पण पुढच्या सिग्नलला बोनेटमधून असा घमघमाट सुटला, की शेजारच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "अम्मा, खाने में क्या है?"

त्यानंतर काटा पहिल्यापेक्षा लवकर चढायला लागला. करीमभाईंनी रेडिएटर उतरवला, तर नळ्यांत साका. त्यांनी तो बोटावर घेतला, हुंगला, आणि इंजिनाकडे बघत म्हणाले, "खाला, दाल तो गल गई. तडका बाकी है."

निम्मा साका धुऊन निघाला, निम्मा रुतून बसला. नवा रेडिएटर यायला वेळ होता, आणि दिलसुखनगरचं लग्न दुसऱ्याच दिवशी.

*

गिरीशनं पैज लावली. उद्या लोड घेऊन गाडी अडली तर भंगारात. पोचली तर तो पुन्हा विषय काढणार नाही. भंगारवाला त्यानं ठरवूनही ठेवला होता. निघताना खात्री करायला स्वतः पुढच्या सीटवर बसला, बंद गळ्याचा कोट घालून, कारण लग्नाचं बोलावणं त्यालाही होतं. मे महिना, वर सणसणीत ऊन.

फ्लायओव्हर लागला आणि काटा चढू लागला. मागे चौघींनी पातेली घट्ट धरली. मी हीटर फुल सोडला.

"आई! मे महिन्यात हीटर?"

"तो इंजिनाची उष्णता ओढून आत फेकतो," मी म्हटलं. "आज इंजिनाची तरी वाफ निघणार, नाहीतर तुझी."

हीटरचं तोंड नेमकं त्याच्यावर. काटा थबकला, मग हळूहळू खाली येऊ लागला. गिरीशचा हात बटणाकडे गेला, तशा कुसुमवहिनी मागून म्हणाल्या, "बंद केलंस तर पैज हरलास हं, बाळा."

हात मागे आला. चढ संपला. दिलसुखनगर आलं. पोळ्या तर घरून निघाल्या त्याहून गरम पोचल्या!

गिरीश उतरला. फोन पुसायला अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं, म्हणून माझ्या पदराला पुसला आणि भंगारवाल्याला सांगितलं, "गाडी द्यायची नाही." मग ताठ मानेनं हॉलकडे निघाला.

दारात एक मुलगी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत उभी होती. तिनं गिरीशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि गुलाबदाणी हळूच टेबलावर ठेवून दिली.