मोटारी बंद होईपर्यंत

माझा कान पक्का आहे. हे मी लाजत-बिजत सांगत नाही. सुप्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे, आणि बेअरिंग जाणार हे मला मशीनच्या नुसत्या आवाजावरून आठ दिवस आधी कळतं. सुट्टीला पुणतांब्याला घरी आले की मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात मी हेवी मेटल वाजवते. तिथंही शेवटचा शब्द माझ्याच कानाचा. निदान त्या उन्हाळ्यापर्यंत तरी होता.

आमच्या बँडमध्ये गिटारवाले दोन, एक मी आणि दुसरा माझा मित्र, साखर कारखान्यातला केमिस्ट. त्याच्याकडे विलायती ॲम्प, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, शंभर वॉटचा. कितीतरी वर्षं त्यानं त्याची वाट पाहिली होती. माझा घरचा. सर्किट मी जोडलेलं, पेटी सुताराची, आणि आतला ट्रान्सफॉर्मर माझ्या वडिलांनी गुंडाळलेला. आण्णांचं गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या जळालेल्या पाणबुड्या मोटारी उकलायच्या आणि नव्या तारेनं भरायच्या, यात त्यांचा जन्म गेला. मी त्यांना कागदावर आकडे लिहून दिले होते, अमुक इतके व्होल्ट बाहेर यायला पाहिजेत म्हणून. त्यांनी कागदाची घडी कानावर अडकवली आणि दोन दिवसांत ट्रान्सफॉर्मर हातात दिला. मोजून पाहिलं तर आकडा न् आकडा बरोबर!

मेटलला लागतो तो हाय-गेन ॲम्प. गिटारचा बारीक आवाज एका व्हॉल्व्हमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वाढत जातो आणि शेवटी फाटतो. फाडणं सोपं आहे हो, ते जत्रेतला कर्णासुद्धा करतो. पण जाड तार तळहातानं दाबून मारली की आवाज धाडकन यावा आणि जिथल्या तिथं थांबावा, मागं शेपूट ओढत येऊ नये. ॲम्पचा कस तिथं लागतो.

नगरला आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा दोन्ही ॲम्प एकदा समोरासमोर लावायचे असं मीच म्हणाले. मित्राचा ॲम्प तोवर त्याच्या क्वार्टरमध्ये कुजबुजतच वाजला होता, शेजारी भिंतीवर थापा मारायचे म्हणून. शेडात तो पहिल्यांदा पूर्ण उघडला. कोणी उद्या तक्रार करू नये म्हणून मी सगळं सारखं ठेवलं. गिटार तीच, वायर तीच, स्पीकरची पेटी तीच. उभं कुठं राहायचं तिथं खडूनं फुली मारली. इतकंच काय, दोन्ही ॲम्प एकाच प्लगमधून चालवले. वेळ आमची नेहमीची, भर दुपारची. सकाळ-संध्याकाळ धारांच्या वेळेला वाजवायचं नाही, हा आईचा हुकूम. आमच्या आवाजानं गायी पान्हा चोरतात म्हणे.

माझा ॲम्प खणखणीत वाजला. त्याचा म्हणजे भिजल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. मी दोन मिनिटांत निकाल दिला, “तुझा थंड आहे. दे टाकून.” बिचाऱ्यानं लगेच ॲम्प बंद केला. माझ्या कानावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. पुढच्या आठवड्यात त्यानं पुण्याचा एक माणूस गाठला. तो हा ॲम्प नेणार होता आणि बदल्यात सगळे आवाज आत भरलेला एक डिजिटल डबा देणार होता.

अदलाबदलीच्या दिवशी मित्र ॲम्प घेऊन मळ्यात आला. द्यायच्या आधी एकदा मोठ्यानं ऐकतो म्हणाला. पुण्याचा माणूस संध्याकाळपर्यंत पोचणार होता. दुपारी आण्णा, तो आणि मी जेवायला बसलो. मित्र भाकरी नुसतीच कुस्करत होता. मी आण्णांना सांगत होते, “विलायती असून काय उपयोग? तुमच्या ट्रान्सफॉर्मरनं त्याला चारीमुंड्या चीत केला.”

आण्णा खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “कवा वाजवला हुता त्यो?”

“दुपारीच की. नेहमीसारखा.”

“मोटारी चालू हुत्या का?”

“दुपारी चालूच असतात ना सगळ्यांच्या.”

“मंग झालं,” म्हणाले, आणि कालवणात भाकरी बुडवली.

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी थ्री-फेज असायची. ती आली की शिवारातल्या झाडून सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि व्होल्टेज खाली बसायचं. मी हात धुतले, शेडात गेले आणि मल्टिमीटर प्लगमध्ये घातला. एकशे शहात्तर व्होल्ट! दोनशे तीसवर चालणारा ॲम्प मी एकशे शहात्तरवर वाजवून त्याला थंड म्हणाले होते. कारखान्यात दिवसभर माझ्या हातात मीटर असतो, आणि घरच्या प्लगात तो एकदा घालावा हे मला सुचलं नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो गप्प बसायचाच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुण्याचा माणूस येईल, ॲम्प उचलून नेईल, आणि नगरला माझाच ॲम्प सगळ्यात भारी ठरेल. आण्णा पुन्हा बोलणार नाहीत, तो त्यांचा स्वभावच नाही. बाहेर मित्र बाजेवर बसून ॲम्पच्या पेटीवरची धूळ फडक्यानं पुसत होता. द्यायची वस्तू असं कोण पुसतं? मला माझीच लाज वाटली.

“ऐक, मी चुकले,” मी म्हणाले. “तुझ्या ॲम्पला उपाशी ठेवून पळायला लावलं आणि वर म्हणाले लंगडतोय.”

व्होल्टेजचं समजावून सांगितल्यावर तो उठूनच उभा राहिला. “दोन आठवडे मला घास गोड लागलेला नाही! तू म्हणालीस म्हणून मी तो द्यायला निघालो!”

“हो.”

“आणि स्वतःचा मात्र लई भारी?”

“हो म्हणतेय ना! किती वेळा म्हणू?” चूक माझी, आणि वर मीच चिडले. “चार वाजता मोटारी बंद होतील, तोवर थांब. मग तुझा कान काय म्हणतो ते बघ. माझा बाजूला ठेव.”

चारला थ्री-फेज गेली. एकेक मोटार थांबत शिवार गप्प झालं. सिंगल-फेज राहिली होती. मीटर लावला तर दोनशे बत्तीस. आई गोठ्याच्या दारातून ओरडली, “पाच मिन्टं! त्याच्या म्होरं तार वाजली तर गिटार चुलीत घालीन!”

मित्रानं ॲम्प चालू केला, व्हॉल्व्ह तापू दिले आणि जाड तार दाबून मारली. शेडाचा पत्रा हादरला, आणि आवाज जिथल्या तिथं थांबला. पुन्हा मारली. काय सांगू! तसा आवाज मी माझ्या ॲम्पमधून कधी काढला नव्हता आणि काढू शकले नसते. तो वेड्यासारखा हसत सुटला, डोळ्यांत पाणी. मला खरंच आनंद झाला, आणि तितकाच हेवाही वाटला.

त्यानं पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो राहुरीला रसवंतीवर उभा होता. त्यानं असं काही ऐकवायला सुरुवात केली की मित्रानं फोन कानापासून लांब धरला. मी तो घेतला आणि म्हणाले, “दादा, चूक माझी आहे. बोलायचं ते मला बोला.” तो बोलला. मी सगळं ऐकून घेतलं.

“आता तुझा लाव,” मित्र म्हणाला. “पूर्ण व्होल्टेजवर तो तर पेटेल!”

मी प्लग घातला. बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात आण्णांनी मागून येऊन प्लग उपटला.

“जळंल,” म्हणाले. “एकशेऐंशी व्होल्टवर गुंडाळलाय म्या त्यो. तू दुपारची वाजवनार. दुपारी हितं त्याच्यावर कवा गेलंय?”

आकडे बरोबर का निघाले, ते मला तेव्हा कळलं. मोजले होते तेही दुकानात, मोटारी चालू असताना. हा ॲम्प मी नगरला नेला असता तर पहिल्याच गाण्यात त्याचा धूर झाला असता.

“आण्णा, मला सांगायचं तरी!”

“तू म्हनली हुतीस, घरी वाजवीन. म्हनून घरच्यासाठी केला. भायेर न्यायचाय हे मला कुनी सांगितलं?”

नगरचं मी गावभर सांगितलं होतं, त्यांना सोडून.

पुढच्या सुट्टीला आण्णा आणि मी दुकानात बसून तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरत होतो. दोनशे तीसचे वेढे पूर्ण झाले. मधेच एकशेऐंशीच्या जागी आण्णांनी तारेचा एक लूप काढून ठेवला होता, म्हणजे घरी दुपारी वाजवायचं तर वीज तिथं जोडायची. तो चिमटीत धरून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “आता भायेरच वाजवनार ना तू? मंग ह्यो घरचा ठिवू, का तोडू?”

“ठेवा की! तोडताय कशाला?” मी जरा जास्तच मोठ्यानं बोलले.

“बरं बरं,” म्हणाले, आणि त्या टोकावर पिवळी नळी चढवून ते सहज हाताला लागेल असं बाहेर काढून ठेवलं.