आत गेलं की गप्प

सांडूभाऊंना कुणी 'बिचारा' म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मीटर बघायला आलेला एक माणूस त्यांच्या पांढऱ्या काठीकडं बघून 'च्च च्च' करत होता. त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही दहा ओळी टाइप करा, तोवर हे चार पानं टाकतील. मीटर बघा आणि निघा." सांडूभाऊ आपले हसत बसले. "जाऊ द्या ना ताई. त्यो बिचारा." असा माणूस!

औरंगपुऱ्यात, जिना चढून वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. वकील लोक मोबाइलवर बोलून पाठवतात, आम्ही ते टाइप करून परत देतो. तपासायचं काम माझं, आणि टाइप करणाऱ्यांत सांडूभाऊ पहिले. एका कानात वकिलाचा आवाज आणि दुसऱ्या कानात कॉम्प्युटरचा. त्या मशीनमध्ये एक वाचणारा आवाज होता. बोट पडेल ते अक्षर, सरकेल ती ओळ, उघडेल तो प्रश्नाचा चौकोन, सगळं तो त्यांना बोलून दाखवायचा. तेही इतक्या वेगानं की आम्हाला ते डाळ भाजताना तडतडते तसं ऐकू येई. सांडूभाऊंना मात्र शब्द न् शब्द कळायचा.

ते देवगाव रंगारीचे. लहानपणी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. आई भागूबाई, तिनं साऱ्या भावकीशी भांडून त्यांना शहरात अंधांच्या शाळेत घातलं. आता आई नाही. गावी धाकटा भाऊ कडुबा आहे, जीव लावणारा. सांडूभाऊंना भीती होती ती त्या जीव लावण्याचीच. एकदा डबा खाताना म्हणाले, "तिकडं गेलो की मला ताट हातात देत्यात अन् वट्यावर बसवत्यात. पाणी बी उठून घेऊ देत नायत. दोन दिवस बरं वाटतं ताई. मंग वाटतं, आपण माणूस हाये का खुंटीला टांगलेली पिशवी?" मुकुंदवाडीत दोन खोल्या, बायको सरूबाई आणि ही नोकरी, एवढ्यावर त्यांनी तो घरापुढचा वटा टाळला होता.

नवरात्राच्या आधी आमच्या मालकांना, हेमचंद्र सरांना, एका बँकेचं काम मिळालं. बँकेची अट अशी की जुनी विंडोज चालणार नाही. सरांचा भाचा चिन्मय इंजिनिअर. तो म्हणाला, नवी मशीन घेऊ आणि त्यांवर लिनक्स टाकू, फुकट आहे, सुरक्षित आहे. पण आमचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम विंडोजसाठी केलेला. तो करणारी कंपनी कधीच बंद पडली. वकिलांच्या सगळ्या फायली त्यातच बनलेल्या आणि त्यातच उघडणाऱ्या. मग चिन्मयनं समजावलं की लिनक्समध्ये एक सोय असते, ती विंडोजच्या प्रोग्रामला भासवते की तू विंडोजमध्येच आहेस, आणि तो बिचारा खुशाल चालायला लागतो.

"म्हंजी सासरी नेऊन माहेर दाखवायचं," सांडूभाऊ म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं.

नवी मशीन बसली खंडेनवमीला. सरांच्या वडिलांपासूनची रीत आहे, खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि पुजली की दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सर त्यात तसूभर इकडचं तिकडं होऊ देत नाहीत. पूजेआधी चिन्मयनं घाईघाईनं सगळ्यांसमोर आमचा प्रोग्राम उघडून दाखवला. तीच निळी पट्टी, तीच अक्षरं! टाळ्या पडल्या. सांडूभाऊंनी मागून विचारलं, "बोलतंय का पर?"

चिन्मयनं प्रोग्राम मिटला, स्पीकर जोडला. मशीननं स्वागत केलं, फोल्डरांची नावं वाचली. लिनक्सचा स्वतःचा वाचणारा आवाज होता तो, जरा नाकात बोलणारा. "बोलतंय की, काका!" चिन्मय म्हणाला. परत टाळ्या.

"आत जाऊन बघू का एकदा?" सांडूभाऊ काठी ठेवून पुढं झाले. पण तोवर सरांनी कीबोर्डला कुंकू लावलं होतं. "आता नाही सांडू. उद्या मुहूर्तावर." झालं. दुपारी जुनी मशीन घेणारा टेम्पो आला. जुन्यातलं सगळं आधीच पुसून ठेवलं होतं. सांडूभाऊंनी आपल्या मशीनवरून एकदा हात फिरवला, गेल्या खंडेनवमीचं वाळकं झेंडूचं फूल होतं ते काढून खिशात घातलं, आणि मशीन गेलं.

दसऱ्याच्या सकाळी ते नवा शर्ट घालून आले. हेडफोन लावला. बाहेर सगळं बोलत होतं. त्यांनी आमच्या प्रोग्रामवर एंटर मारलं आणि थांबले. परत मारलं. बाण दाबले. मग माझ्याकडं तोंड करून विचारलं, "ताई, लाइट गेली का?"

"नाही हो. उघडलाय की प्रोग्राम. छान दिसतोय."

"दिसतोय," ते म्हणाले.

चिन्मयला मी नावं ठेवणार नाही. पोरानं दिवाळीपर्यंत जंग जंग पछाडलं. शेवटी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मावशी, ती सोय खिडकीचं चित्र इकडं आणते. बटणं दाबलेली तिकडं पोचवते. पण खिडकीत काय लिहिलंय हे ती आवाजाला सांगतच नाही."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे बघणाऱ्यासाठी प्रोग्राम चालतोय. ऐकणाऱ्यासाठी नाही."

एक उपाय होता, सांडूभाऊंपुरती लिनक्स काढून खरीखुरी नवी विंडोज बसवायची. त्याला दांडगं मशीन लागतं, आमची नवी मशीन तेवढ्या ताकदीची नव्हती. तसं एक मशीन मागायला मी सरांकडं गेले. सर म्हणाले, "कालिंदीताई, बाकी सगळ्यांचं चालतंय ना? एका माणसासाठी परत सगळं कुठं उकरता?" मी म्हटलं, "सर, तो एक माणूस आहे म्हणून हे ऑफिस आहे!" माझा आवाज चढला. बाहेर सगळ्यांना ऐकू गेलं, सांडूभाऊंना तर गेलंच गेलं. सर पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवून म्हणाले, "बसा. मलाही वाईट वाटतं." डोंबल वाटतं!

मग मी सांडूभाऊंच्या शेजारी खुर्ची टाकली. ते टाइप करायचे, मी मोठ्यानं वाचायची. चौकोन आला की सांगायची. पण मी वाचायची माणसाच्या वेगानं आणि त्यांची बोटं थांबायची माझ्यासाठी. माझं तपासायचं काम साठत गेलं. वकिलांचे फोन यायला लागले. एक दिवस त्यांनी हेडफोन उतरवला. "एका कामाला दोन माणसं. सर बोलत नायत, पर मला ऐकू येतं ताई. उद्या मी एकटाच करतो. समदी बटणं पाठ हायेत. आवाज नसला म्हून काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्या टेबलावरून बघत होते. एका कानात वकील, दुसरा कान रिकामा. त्यांनी प्रोग्राम उघडला, नवी फाइल घेतली आणि सुरुवात केली. काय ती बोटं! मधे एकदाही अडली नाहीत. कपाळावर घाम, ओठ वकिलाच्या मागोमाग हलत होते. मला इतकं बरं वाटलं की मी उठून त्यांच्या मागं गेले.

पडद्यावर कोरं पान होतं. त्याच्या मधोमध एक छोटा चौकोन उभा होता, काल अर्धवट राहिलेली फाइल ठेवायची की नाही असं विचारणारा. जुन्या मशीनवर आवाजानं तो सांगितला असता. इथं कुणी सांगितला नव्हता. चौकोन उत्तराची वाट बघत होता, आणि सांडूभाऊंचं एकही अक्षर पानात उतरत नव्हतं.

मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. पण त्यांच्या तोंडावर तोच जुना सांडूभाऊ आला होता, मीटरवाल्याला हसणारा.

वकिलाचं बोलणं संपलं. त्यांनी हेडफोन गळ्यात घेतला, बोटं मोडली. मी मागं उभी आहे हे त्यांना चपलांवरून कळलंच होतं.

"वाचा बरं ताई," ते म्हणाले. "चुका किती निघत्यात बघू."

मी काय वाचू? माझा श्वास तेवढा त्यांना ऐकू गेला असेल. मग हळूच त्यांची मान खाली गेली.

"समजलं," ते म्हणाले. हेडफोनची वायर त्यांनी नीट गुंडाळली, कीबोर्डवर ठेवली आणि काठी शोधली. "ताई, तेवढा कडुबाला फोन लावून द्या. म्हणावं, वट्यावरची जागा झाडून ठेव."