लाईट गेल्यावर गाणारी बाई

कुणी भूतबित म्हणालं की मी एकच प्रश्न विचारतो — अर्थिंग चेक केलं का? हसू नका. नारपोलीला माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, आणि आजवर जेवढी म्हणून भुतं माझ्यापर्यंत आली, ती सगळी लूज कनेक्शनमधून निघाली. खारबावला माझ्या मावशीच्या टेपमधून मध्येच कोणी बाई बोलायची. मावशीने नारळ फोडले, दारावर लिंबं बांधली. मी जाऊन स्पीकरची वायर बदलली, बाई गप्प! लांबलचक उघडी वायर रेडिओ पकडत होती, बाकी काही नाही.

तर मी हा असा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण सुरेखा — माझी बायको — म्हणाली, "लिहा. बाबांसाठी तरी लिहा." म्हणून लिहितोय. गोष्ट दोन हजार सहा-सातच्या आसपासची, आमच्या कामतघरच्या घरातली.

घर बाबांनी स्वतः उभं राहून बांधलेलं. खाली पॉवरलूमचा कारखाना, वर आम्ही. बाबा स्वतःच मालक आणि स्वतःच जॉबर — म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. उभा जन्म त्या खडखडाटात काढला आणि त्यापायी दोन्ही कान गेले. साधे नाही, ठार. डॉक्टरने कानाच्या मशीनचासुद्धा उपयोग नाही म्हणून सांगितलं. पुढे कारखाना भाड्याने दिला, बाबा वर येऊन बसले... पण लूम काही त्यांना सोडेनात. "कानान लूम चालू हाय रं," म्हणायचे. बाहेरचं काही ऐकू येत नाही आणि आतला खडखडाट रात्रंदिवस बंद होत नाही! माणसाने करावं काय? खिडकीखालच्या खाटेवर बसून रस्ता बघत राहायचे. आम्ही त्यांच्याशी खुणांनी बोलायचो.

आणि अशा बापाच्या पोराला वेड कशाचं? तर स्पीकरचं.

साधे स्पीकर नाहीत हं. जुने, थिएटरचे. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या थिएटरचे भोंगे मी टेम्पोत घालून आणले होते. कपाटाएवढी लाकडी खोकी आणि वर पत्र्याचे हॉर्न. सुरेखाने दारातच कपाळावर हात मारला. "अहो, घरात माणसं राहणार आहेत की हे?"

पण आमच्या भिवंडीत त्यांची खरी गरज होती, ती कशी ते सांगतो. आमच्याकडे दिवसभर लूम चालतात. खाली आमचे, शेजारी शेजाऱ्यांचे. त्यात गाणं काय ऐकणार, डोंबल? शांतता होते ती फक्त लाईट गेल्यावर. आणि त्या काळात लोडशेडिंग तर पाचवीला पुजलेलं. म्हणजे बघा गंमत — लाईट आहे तेव्हा ऐकू येत नाही, आणि ऐकू येईल तेव्हा लाईट नाही! हे जुने भोंगे मात्र एका वॅटमध्ये घर भरून टाकतात. म्हणून मी ट्रकच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा अॅम्प बनवला, सेलवर चालणारा जुना रेकॉर्ड प्लेअर मिळवला. दुपारी लाईट गेली, लूम थांबले, की मी दुकानाचं शटर ओढून घरी. लोक लोडशेडिंगला शिव्या घालायचे, मी वाट बघायचो.

एक रेकॉर्ड माझी फार लाडकी होती. लेबल घासून गेलेलं, त्यामुळे गाणारी बाई कोण ते आजतागायत माहीत नाही. पण काय आवाज! मधेच श्वास घेतलेला कळायचा, बांगड्या वाजलेल्या कळायच्या. अंतऱ्यात एका ठिकाणी चरा होता. सुई तिथे आली की तिची एक छोटी तान तीनदा यायची आणि मग गाणं टुणकन पुढे जायचं. दोन स्पीकरमधून एकच आवाज सारखा आला, की तो दोघांच्या बरोबर मधून येतो, जिथे खरं तर काहीच नसतं. आम्हा शौकिनांचा सगळा जीव त्या मधल्या जागेत. ही बाई तिथे अशी उभी राहायची की सुरेखा तिला माझी सवत म्हणायला लागली. "आली का तुमची बाई? चहा टाकू का तिलाही?"

स्पीकर आणले त्याच दिवशी मी बाबांना हॉर्नच्या तोंडाशी उभं करून आवाज पूर्ण सोडला होता. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. बाबांनी मान हलवली. "हवा लागते. आवाज न्हाय." आणि जाऊन खाटेवर बसले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. एवढा आवाज घरात आणला, पण ज्याला हवा त्यालाच नाही.

पुढे एका दुपारी मी रेकॉर्ड लावली आणि बाई मध्ये नव्हती.

आवाज डावीकडून येत होता. डाव्या स्पीकरमधूनही नाही — त्याच्या पलीकडून, खिडकीच्या कोपऱ्यातून, बाबांच्या खाटेच्या वर, पार स्लॅबजवळून. मी म्हटलं, झालं, प्लस-मायनस उलटं लागलं. तपासलं. बरोबर होतं. वायरी बदलल्या, स्पीकरची अदलाबदल केली. बाई तिथेच. दुसरी रेकॉर्ड लावली, तर त्यातला गवई गुपचूप मध्ये उभा! परत हिची लावली... परत खाटेच्या वर.

सुरेखाला काही न सांगता तिच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि म्हटलं, बाई कुठे आहे ते बोटाने दाखव. ती हसत होती. बोट वर गेलं ते थेट कोपऱ्यात. ओढणी काढून बघितल्यावर हसू गेलं.

मग मी शेवटचा उपाय केला. डावा स्पीकर पूर्ण काढून टाकला, फक्त उजवा ठेवला. आता आवाज उजवीकडूनच यायला पाहिजे, शाळेतलं पोरही सांगेल. मी हॉर्नसमोर हात धरला तर हाताला आवाजाचा धक्का जाणवत होता. आणि कानाला मात्र बाई पलीकडे, खाटेच्या वर गात होती. तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, तिथेच प्लेअर बंद केला.

दोन-चार दिवसांनी राहवेना म्हणून पुन्हा लावली. आवाज खाली आला होता. आधी स्लॅबजवळ होता, आता खिडकीच्या उंचीवर. पुढच्या वेळी आणखी खाली. बाबा आपले मांडी घालून रस्ता बघताहेत, आणि त्यांच्या डोक्याशी ही बाई गातेय, आणि त्या माणसाला पत्ता नाही! मी भिंतीवर गोधड्या टांगल्या, कोपरा ठोकून बघितला, वर-खाली टॉर्च मारला. दिवाळीत दिलेला रंग जसाच्या तसा. काहीही नाही.

शेवटी एकदा आवाज बाबांच्या उशाशी आला. अगदी उशीशी. कोणी झोपलेल्या माणसाच्या कानाशी वाकून गावं तसा. सुरेखाने पुढे होऊन सुईच उचलली. "ती बाबांना न्यायला आलीय. तुम्हाला कळत कसं नाही? रोज एकेक पायरी उतरतेय."

"काहीतरी बोलू नकोस. रूममध्येच गडबड आहे," मी म्हटलं. पण माझाच आवाज मला पोकळ वाटला.

"मग खाट हलवा."

खाट हलवायला गेलो तर बाबांनी कठडा धरून ठेवला. मी खुणेने विचारलं, का हो? तर म्हणाले, "मना आयकाला येत न्हाय. बघू तरी दे रं." खाट तिथेच राहिली. रेकॉर्ड सुरेखाने फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली आणि मला ताकीद दिली, पुन्हा लावाल तर माहेरी जाईन. मी नाही लावली. मलाही बाबा हवे होते.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. पण दुपारी लाईट गेली, शांतता पडली, की आम्ही दोघं आपोआप खाटेकडे बघायचो. बाबांचा श्वास चालू आहे ना ते बघायचो. जेवण गोड लागेना.

आणि मग ती दुपार आली. लाईट गेली, खालचे लूम थांबले. बाबा खाटेवर झोपले होते. बॅटरी उतरली होती म्हणून चार्जिंगला दुकानात न्यायला मी तिचे चिमटे काढले. नीट वाचा — चिमटे काढले. बॅटरी माझ्या हातात, मी दाराशी. रेकॉर्ड कपाटावर फडक्यात. सुरेखा तांदूळ निवडत बसलेली. घरात टाचणी पडली तर ऐकू येईल एवढी शांतता.

बाबा ताडकन उठून बसले. खिडकीकडे नाही बघितलं. स्पीकरकडे बघितलं.

"हां," म्हणाले, कोणी हाक मारल्यावर म्हणतो तसं. उठले, अनवाणी चालत आले आणि दोन स्पीकरच्या समोर, मी नेहमी बसतो त्या खुर्चीत बसले. मी बॅटरी खाली ठेवून पुढे झालो, खुणेने विचारलं, काय झालं? तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ठार बहिरा माणूस, आणि मला गप्प करतोय!

तेवढ्यात कोपऱ्यातला स्लॅब खाली आला.

सुरेखा किंचाळली. धूळ, सिमेंट, गंजलेल्या सळ्या. खाट मधोमध मोडली होती आणि उशीच्या जागी माणसाच्या छातीएवढा तुकडा पडला होता. मी वेड्यासारखा बाबांना चाचपत होतो. त्यांना खरचटलंही नव्हतं. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. डोळे मिटून ते गुणगुणत होते. आवाज खरखरीत, पण सूर पक्का. ती छोटी तान. एकदा... दोनदा... तीनदा. आणि मग टुणकन पुढे.

मी कपाटाकडे बघितलं, रेकॉर्ड फडक्यातच होती.

रेकॉर्ड मी आणली ती बाबांचे कान गेल्यावर कितीतरी वर्षांनी. हॉर्नच्या हवेच्या धक्क्यावरून त्यांना ठेका कळला म्हणाल, मान्य. सूर कसा कळला? चरा कसा कळला?

धूळ बसल्यावर मी त्यांना खुणेने विचारलं, काय ऐकलं? बाबा म्हणाले, "कानानलं लूम बंद परले रं. सगले, एकदम. मना वाटला लाईट गेली. उठून बघतंय तं ती बाई गात व्हती."

कोण बाई? मी हातानेच विचारलं.

"तुझी. दुसरी कोन?" आणि त्यांनी बोट दाखवलं ते दोन स्पीकरच्या बरोबर मधे, जिथे काहीच नसतं तिथे. "तितं उबी व्हती. एके जागेवर अरकली बिचारी, मंग गेली फुरं."

सुरेखा भिंतीला टेकून रडत होती. म्हणाली, "मी तिला काय काय बोलले हो... ती न्यायला नाही, उठवायला आली होती."

इंजिनीअर येऊन बघून गेला. वरची टाकी झिरपत होती, खालून वर्षानुवर्षं लूमचे हादरे, सळ्या कुजल्या. स्लॅबचं कारण मिळालं. बाकीचं मी आजही शोधतोय. जाणकारांना विचारलं, एवढ्या वर्षांत एकालाही धड सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा, पण 'मनाचे खेळ' म्हणू नका. स्लॅबचा तो तुकडा अजून आमच्या गच्चीवर आहे, उचलून बघा.

बाबांच्या कानातले लूम त्याच संध्याकाळी परत सुरू झाले. नंतर ते बरीच वर्षं जगले, वय होऊन शांतपणे गेले. जीव वाचला याचं त्यांना फारसं काही नव्हतं. "जरा येल शांत व्हतं रं," एवढंच सारखं म्हणायचे, आणि डोळ्यांत पाणी यायचं. खिडकीतला रस्ता सुटला तो सुटलाच. रोज लाईट गेली की तेच मला ती रेकॉर्ड लावायला लावायचे आणि त्या खुर्चीत येऊन बसायचे. बाई पुन्हा मधेच उभी राहायची, खाटेच्या जागेकडे कधी गेली नाही. त्यांना मात्र परत कधीच ऐकू आली नाही. गाणं संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघायचे आणि एकदा तरी विचारायचे —

"गाते ना?"

मी मान हलवायचो, आणि ते डोळे मिटून घ्यायचे.