बाकी पुढच्या तलफेला

फोन उचलला की काका "हॅलो" म्हणत नसत. पहिला प्रश्न ठरलेला असे.

"थुकला काय?"

पलीकडे पुरुष आहे की बाई, साहेब आहे की भाजीवाला, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. "पयले थुक, मंग बोल," असं म्हणून ते गप्प बसत, आणि आपला थुंकल्याचा आवाज त्यांच्या कानावर पडेपर्यंत गाडी पुढे सरकत नसे. मी नागपूरच्या इतवारीतल्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसतो. समोर गिऱ्हाईक, खाली पांढरीशुभ्र चादर आणि कानात हा प्रश्न. माझे काय हाल होत असतील ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

आमचा ग्रुप खर्रा सोडणाऱ्यांचा. नागपूरच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटघोट घोटायचा आणि गालात दाबून ठेवायचा. काही वर्षांनी गाल आतून कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. डॉक्टर हे बोटांनी मोजतात. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात गेली तर ठीक, दोन गेली तर सांभाळा, एकच गेलं तर अवघड आहे. म्हणून ग्रुपचं नाव 'तीन बोटं'. रोज सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने तोंडात बोटं घालून फोटो टाकायचा, हीच हजेरी. बाकी दुनिया सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवते. आम्ही एकमेकांच्या दाढा पाहत चहा पीत असू.

ग्रुपचे अ‍ॅडमिन हे काका. एसटीच्या लाल डब्ब्यावर तीस वर्षं कंडक्टर होते, काटोल-नरखेडच्या बाजूला. रिटायर झाल्यावर दातांच्या दवाखान्याच्या रांगेत बसल्याबसल्या त्यांनी पुढच्यामागच्या माणसांचे नंबर घेतले आणि ग्रुप काढला. तिथून लिंक फिरत गेली. निम्म्या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. पाहिले होते ते फक्त दात.

मला या ग्रुपात माझ्या बायकोनं टाकलं, मला न विचारता. कारणही तसंच घडलं होतं. एका नवरीच्या मावशीला शालू उलगडून दाखवताना, "रंग पाहा ताई, रंग" म्हणताना माझ्या तोंडातून एक लाल थेंब उडाला तो नेमका जरीवर. मावशीबाईंनी रंग पाहिला. शेठनं मला त्या दिवशी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझं तोंड मोजलं: अडीच बोटं. "आहे तिथे थांबवता येईल," ते म्हणाले, "पण खाणं सुरू राहिलं आणि आत जखम झाली, तर मग चाकूच." मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? घाबरलो आणि बाहेर पडून आधी खर्रा घेतला.

काकांचा नियम साधा होता. तलफ दहा मिनिटं टिकते. दहा मिनिटं काढली की ती जाते. म्हणून तलफ आली की काकांना फोन करायचा, आणि दहा मिनिटं ते बोलणार. उपदेश एका अक्षराचा नाही. फक्त बसच्या गोष्टी. कोणत्या थांब्यावर कोण चढलं, कोणाची पेटी कोणाच्या पायावर पडली, कोणत्या सरपंचानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि रुमालावर कोण बसलं. बोलत ते दात न उघडता, त्यामुळे माणूस सदा चिडलेला वाटे. आणि घड्याळात दहा मिनिटं झाली की, गोष्ट कुठेही असो, ते चमच्यानं स्टीलच्या ग्लासावर दोन ठोके मारत. टण टण. कंडक्टरची घंटी. एक वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की निघते.

"चाल, सरक पुढं. बाकी पुढच्या तलफेला."

आणि फोन बंद. अर्धवट गोष्टींनी जीव खाल्ला आमचा. खापरखेड्याच्या एक मॅडम आमच्या ग्रुपात होत्या, शाळेत शिकवत आणि कणकेच्या डब्यामागे खर्रा लपवत. त्यांनी एकदा तलफ नसताना नुसती गोष्ट ऐकायला फोन केला. काकांनी लगेच ओळखलं. "तलफ आणून फोन करत जा वं बाई. फुकटात बस नाही चालवत मी."

माझी अडकलेली गोष्ट कोंबडीची. एका थांब्यावर एक बाई पिशवीत कोंबडी घेऊन चढली. काका म्हणाले, कोंबडीचं तिकीट लागन. बाई म्हणाली, ती माझ्या मांडीवर बसन, तुमची सीट नाही घेत. अर्धी बस बाईच्या बाजूनं, अर्धी कायद्याच्या. एवढ्यात पिशवीचा बंद सुटला, कोंबडी ड्रायव्हरच्या डोक्यावरून दारातून बाहेर, संत्र्याच्या बगीच्यात. एक घंटी, गाडी उभी. काका टोपी सांभाळत कोंबडीमागे पळाले, आणि...

टण टण.

पुढच्या तलफेला दुसरीच गोष्ट निघाली. मी कितीदा विचारलं, "काका, कोंबडीचं काय झालं?" तर म्हणायचे, "तिची घाई काहून करून राहिला? धरू ना तिले."

घोटाळेही आमच्यात जगावेगळे व्हायचे. नरखेडचा एक संत्रेवाला होता ग्रुपात. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, व्याह्यांनी दोन्ही घरांचा मिळून ग्रुप केला, आणि दुसऱ्याच सकाळी या गड्यानं तोंडात तीन बोटं घातलेला फोटो तिकडे टाकला. खाली लिहिलं, "हजर आहे." व्याही हादरले. त्यांच्याकडून फोन आला, तुमच्याकडे अशी काही प्रथा आहे का? संत्रेवाला रडकुंडीला आला. काकांनी व्याह्यांचा नंबर घेतला आणि थेट फोन लावून विचारलं, "थुकला काय?" आठवडाभरात व्याही ग्रुपमध्ये आले. दोन बोटं निघाली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकायची. काकांनी स्वतः कधी फोटो टाकला नाही. मॅडमनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं तर उत्तर आलं, "कंडक्टर तिकीट काढत नसतो."

मग आम्ही एकदा भेटायचं ठरवलं. रविवारी सकाळी, तर्रीपोह्याच्या, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेल्या पोह्यांच्या, ठेल्यावर. पंधरा-वीस जण आले, आणि कोणी कोणाला ओळखेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तोंडं उघडा," आणि भर रस्त्यात आम्ही जबडे वासून एकमेकांना नमस्कार केले. आमच्यातल्या कोणालाच तिखट सोसत नाही, आतून आग होते. सगळ्यांनी बिनतर्रीचे पोहे आणि दही मागितलं. ठेलेवाल्याचा चेहरा असा उतरला, जणू त्याच्या घरी काही वाईट घडलं असावं.

काका कडेला उभे राहून खात होते. मी त्यांच्याशी बोलायला गेलो आणि पाहिलं: ते पोहे चमच्याच्या मागच्या टोकावर घेत होते, चारपाच दाणे, आणि दातांच्या फटीतून आत सरकवत होते. वाटीभर पोह्यांना त्यांना किती वेळ लागणार होता कोण जाणे.

"काय पाहून राहिला बे?" ते म्हणाले.

मी नजर माझ्या प्लेटकडे वळवली.

"एक बोट. तेही करंगळी," ते दातांतूनच म्हणाले. "मी सोडला तवा गाडी डेपोत लागली होती गा. तुमची अजून रस्त्यात हाय. ग्रुपात सांगू नको, माह्यं ऐकणार नाही मंग कोणी."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला त्यांचा भयंकर राग आला. रोज सकाळी आम्ही या माणसाला आमची उघडी तोंडं दाखवत होतो, कोणी आनंदानं लिहायचं, "काका, आज पाव बोट वाढलं," आणि ते खाली शाबासकीचा अंगठा टाकायचे. राग ओसरल्यावर मी बायकोच्या समोर चांगला रडलो. तिला वाटलं, पुन्हा साडी खराब केली.

वर्ष गेलं. त्यांच्या गालात एक जखम झाली ती भरेना. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, नऊच्या आत, ग्रुपवर काकांचा पहिला फोटो आला. पिकलेल्या मिश्या, आवळलेले दात आणि मधल्या फटीत कशीबशी घातलेली करंगळी. खाली लिहिलं होतं: "आज तिकीट काढलं."

त्यानंतर जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी होती. एरवी एकमेकांना नुसते अंगठे टाकणारे लोक दवाखान्यात डबे घेऊन उभे. काकांना नळीतून जेवण, म्हणून सगळ्यांनी डाळीचं पाणी आणलं. संत्रेवाल्यानं मोसंबीचं पोतंच पाठवलं. काकू, म्हणजे काकांची बायको, आम्हाला पहिल्यांदाच पाहत होत्या. "पेशंट एक अन् डाळीचे डबे सात," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "हे काय लावलं गा तुम्ही?" मग सगळ्यांना रांगेत बसवून त्यांनी तीच डाळ आम्हाला पाजली.

जबड्याचा एक भाग काढला होता. काकांना बोलता येणार नव्हतं.

तरी तलफ आली की आमचं बोट त्यांच्याच नंबरावर जाई. सवय. ते फोन उचलत, आणि पलीकडे नुसता श्वास. आता गोष्टी आम्ही सांगायच्या. मी त्यांना साड्यांच्या सांगे: कोणत्या बाईनं साठ साड्या उलगडल्या आणि अस्तराचं कापड घेऊन गेली, कोणत्या नवऱ्यानं रंग विचारल्यावर "स्वस्त" असं उत्तर दिलं. त्यांचं हसू मला ऐकू यायचं नाही, पण श्वास तुटायचा. बरोबर दहा मिनिटांनी टण टण. एकदाही नऊ नाही, एकदाही अकरा नाही.

असे आठ महिने काढले त्यांनी. मग गेले.

त्या सकाळी हजेरी कोणी घेतली नाही. नऊ वाजायला आले तेव्हा मॅडमनी लिहिलं, "थुकले काय सगळे?" आणि धडाधड फोटो पडायला लागले. डोळे सुजलेले आणि तोंडात बोटं. त्याहून विचित्र श्रद्धांजली मी पाहिलेली नाही.

पुढे लग्नसराई आली. एका दुपारी एक कुटुंब अडीच तास बसलं, साड्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला, आणि ती मंडळी "ऑनलाइन पाहतो" म्हणून उठली. शेठनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुले ठेवून मी काय करून राहिलो रे?" मी बाहेर पडलो. पानठेलेवाला मला पंधरा वर्षं ओळखतो. त्यानं काही न विचारता खर्रा घोटला आणि हातात ठेवला. पन्नी कोमट होती. मी गाठ सोडली, चिमूट घेतली आणि गालात ठेवली. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि दुसऱ्या हातानं, मला कळायच्या आत, काकांचा नंबर लावला.

काकूंनी उचलला.

"बोला."

मला काही बोलता येईना. तोंड भरलेलं होतं.

"ग्रुपातले काय? ते नाहीत ना गा आता," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थुकला काय?"

मी तिथेच, ठेल्याच्या कडेला, थुंकलो. त्यांना ऐकू गेलं असणार.

"दहा मिनिटं बोलाचं असते ना? मले बसच्या गोष्टी नाही येत. त्यायनं मले दिलेला डोक्याचा ताप सांगू काय?"

मी म्हटलं, "काकू, कोंबडीची येते? काका कोंबडीमागे बगीच्यात पळाले, तिथं थांबली आहे."

काकू हसल्या. "सांगितली काय तुमाले ती? कोंबडीवाली मीच होती गा. मावशीच्या घरी चालली होती. हे गेले झाडात, येईचनात. लोक चिडले, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मले वाटलं, घंटी वाजवली की येतीन पळत. मी दोरी वढली, दोनदा. जोरात."

"मग?"

"मंग काय? गाडी निघाली! एक मारली की थांबते, दोन मारल्या की निघते, मले काय मालूम? मागच्या काचेतून पाहिलं, तर हे रस्त्याच्या मधात उभे. टोपी नाही डोक्यावर, काखेत कोंबडी, अन् हात वर करून राहिले. गाडी पुढं, हे मागं. बारीक होत गेले, बारीक होत गेले."

मी ठेल्याच्या लाकडाला डोकं टेकून उभा होतो, आणि हसत होतो की रडत होतो ते पानठेलेवाल्यालाही समजलं नसावं. हातातली पन्नी मी नालीत टाकली.

"झाले काय दहा?" काकूंनी विचारलं.

"झाले."

"थांबा मंग, ठेवू नका." पलीकडे भांड्यांची शोधाशोध झाली. "तवा मालूम नव्हतं मले. आता मालूम हाय."

आणि काकूंनी ग्लासावर दोन ठोके मारले.