अक्काच्या राजाचं चित्र

धुळ्याच्या प्रकाशकांचा फोन आला, की पुस्तकातल्या चित्रांसाठी कंपनीच्या परवानगीचं पत्र लागेल. "कोणत्या कंपनीच्या?" मी विचारलं. ते म्हणाले, "सर, ते आता तुम्हीच शोधा."

पुस्तक आहे बुद्धिबळाच्या जुन्या प्रोग्रॅमांवर, फ्लॉपीवर यायचे त्या काळातल्या. जळगावात मी आयुष्यभर कॉम्प्युटर शिकवला. निवृत्तीनंतर ते प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहिले, पडद्याची चित्रं काढली आणि कोणता कसा खेळायचा ते मराठीत लिहून काढलं. ज्यांनी ते बनवले त्यांच्या कंपन्या कधीच विकल्या गेल्या, घेणारेही बुडाले. जे शिल्लक आहेत त्यांना मेल लिहिले, पण कोणी साधी पोचही दिली नाही. आणि इकडे पुस्तकाचं एक पान छापलेलं नसताना प्रकाशकांना कोर्टाच्या पायऱ्या दिसायला लागल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! मी हे त्यांना फोनवर ऐकवलंसुद्धा. त्यांनी मनावर घेतलं नाही. "माझी सून वकील आहे, एकदा येऊन बोला तिच्याशी," म्हणाले.

मला बाकीच्या चित्रांची फार फिकीर नव्हती. एका चित्राची होती. ते माझ्या मोठ्या बहिणीच्या डावाचं आहे.

अक्का चाळीसगावजवळच्या खेड्यात राहते. भाऊजी आजारी होते तेव्हा त्यांना जळगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि ती आमच्याकडे उतरली होती. दुपारी दवाखान्यात कोणाला आत सोडत नसत. मग ती घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायची. हा खेळ तिला लग्नानंतर भाऊजींनी शिकवलेला, गावाकडच्या पद्धतीचा. त्यात राजाला एक सवलत असते. डावात एकदा तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. प्रोग्रॅमला हे कुठून माहीत असणार? अक्का राजा उडवायची, कॉम्प्युटर कर्कश ओरडायचा आणि राजा मागे यायचा. ती पुन्हा उडवायची. "तुनं मशीन खोटं खेयस," असं मला सुनवायची. भाऊजी त्या दवाखान्यातून घरी आले नाहीत. तिचा शेवटचा डाव मात्र मी पडद्याच्या चित्रासकट जपून ठेवला होता. पुस्तकाचं कळल्यापासून ती प्रत्येक फोनवर एकच विचारते, "मना डाव छापशी ना?" मी दर वेळी हो म्हणतो.

धुळ्याला गेलो. सूनबाईंनी सगळी चित्रं शांतपणे पाहिली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. परवानगी मिळत नसली तरी समीक्षेसाठी दुसऱ्याच्या कामातलं थोडं दाखवायला कायदा मुभा देतो. पण चित्राबद्दल मजकुरात काही म्हटलेलं पाहिजे, जेवढं लागतं तेवढंच घेतलं पाहिजे आणि कोणाचं आहे ते लिहिलं पाहिजे. शोभेसाठी घेतलेलं चित्र त्यात बसत नाही. मग त्या एकेका चित्रावर बोट ठेवून विचारत गेल्या, "काका, याबद्दल काय लिहिलंय?" निम्म्यांबद्दल मी काहीच लिहिलेलं नव्हतं. अक्काच्या चित्राखाली मी फक्त 'अक्काचा डाव' एवढंच लिहिलं होतं.

"हे तर घरच्या अल्बमातलं झालं," त्या म्हणाल्या. "सोंगट्यांची मांडणी कोणाच्या मालकीची नसते. आपण नवीन पट काढून घेऊ."

नवीन पट काढला तर तो कोणाचाही डाव झाला असता. मला राग आला, आणि त्यांचं म्हणणं खोडता येईना म्हणून जास्तच आला. परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मी धुसफुसत होतो. मग सुचलं, की टीकाच हवी ना? करतो टीका! घरी येऊन झोडपून लिहिलं: या प्रोग्रॅमला आपल्या मातीतला नियम ठाऊक नव्हता आणि एका बाईची रास्त चाल त्याने नाकारली. झकास जमलं होतं. नियम नीट तपासावा म्हणून अक्काला फोन केला.

ती म्हणाली, "शह बसना नई तोवरच राजा उडस."

मी डाव पुन्हा पाहिला. तिच्या राजाला आधीच शह बसून गेला होता. म्हणजे गावच्या नियमानेही ती चाल चालत नव्हती. मी तिला तसं सांगितलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पन त्या माले उडू देत."

"भाऊजींना नियम माहीत नव्हता?"

"त्यासले बठ्ठं माहीत व्हतं. म्हनीसन तर देत."

सगळं माहीत होतं, म्हणूनच उडू देत. माझं झकास लिहिलेलं सगळं फुकट गेलं होतं. तरी ते तसंच ठेवावं, कोण कशाला तपासायला जातंय, असंही मनात आलं. अक्काने ते ओळखलं असावं. "खोटं छापू नको, भाऊ," ती म्हणाली. "मशीननी चूक नई शे."

मग खरं तेच लिहिलं. प्रोग्रॅमने नियम बरोबर पाळला. समोर कोण बसलंय आणि का बसलंय हे त्याला कळायची सोय नव्हती. आणि ज्याच्याशी खेळायची तिला सवय होती, तो माणूस सगळं कळूनही तिला उडी मारू द्यायचा. सूनबाईंना पाठवलं. त्यांचा निरोप आला, की चित्र राहू द्या, आता त्याच्याशिवाय मजकूर कळणार नाही.

छापायला जाण्याआधी अक्काला फोनवर सगळं वाचून दाखवलं.  शेवटी तिने विचारलं, "चित्रमा मना राजा कोठे शे?"

मी चित्र जवळ घेऊन पाहिलं. चाल चुकीची असल्याची सूचना पडद्यावर आली होती, पण राजा अजून उडी मारलेल्या घरातच होता.

"नव्या घरात आहे," मी म्हणालो. "सूचनेखालचं बटन दाबलं की मागे येतो."

"मंग दाबू नको," अक्का म्हणाली.