मादोनाला पोशाख चढवणारी

एर्सीलियाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते आठ सप्टेंबरच्या मिरवणुकीत. मी इटलीतल्या कोल्लेमारा गावच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. गावात कुणाची ओळख नव्हती, म्हणून औषधांच्या दुकानाच्या पायरीवर एकटीच उभी होते. बँड आला, मेणबत्त्या घेतलेल्या मुली आल्या आणि मग पुरुषांच्या खांद्यांवरच्या चौरंगावरून डोलत डोलत मादोना, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, आली. सगळं गाव तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतं. एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई मात्र चौरंगाच्या शेजारून चालताना मादोनाच्या झग्याच्या काठाकडे बघत होती. कारंज्याच्या वळणावर चौरंग कलला आणि काठाची एक चुणी उलटली. ती पुढे झाली, दोन बोटांनी चुणी सरळ केली आणि परत आपल्या जागी आली. चालता चालता आई मुलाची कॉलर नीट करते, तसं.

सोमवारी तीच बाई मला शाळेच्या स्वयंपाकघरात चणे घातलेला पास्ता ढवळताना दिसली.

"परवा मादोनाच्या शेजारी तुम्हीच होतात ना?" मी विचारलं.

"हो. आणि तुम्ही औषधाच्या दुकानापाशी. नवे बूट चावत होते तुम्हाला." मग डाव उचलून म्हणाली, "वाढू का, बाई?"

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी तिच्या हातचं जेवले. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दुपारपर्यंत शाळेतला स्वयंपाक, संध्याकाळी घरी शिवणकाम. पण आमच्या गावात तिची खरी ओळख वेगळीच. मादोनाला पोशाख चढवायचा मान तिच्या माहेरच्या बायकांचा. आईकडून लेकीला, तिच्याकडून तिच्या लेकीला. सणाच्या आदल्या दिवशी पोशाख उतरवून, झटकून पुन्हा चढवायचा, आणि तेव्हा चर्चची दारं आतून बंद होत. आत चार बायका, बाकी कुणी नाही. पुरुषाची सावलीसुद्धा नाही. फादर इलारिओंनाही बाहेर घालवत, आणि ते पायरीवर बसून निमूटपणे सिगारेट ओढत.

चौघींपैकी एकीचं खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी एर्सीलियानं भाजी चिरता चिरता मला विचारलं, "बाई, तुमच्या हातांना घाम येतो?"

"नाही. का हो?"

"रेशमाला घाम चालत नाही. शनिवारी या."

गावात थोडी कुजबुज झाली की बाई परगावच्या. एर्सीलिया पावाच्या दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वीस वर्षं तुमच्या पोरांची नाकं पुसतायत त्या. आणि मादोना तरी कुठं कोल्लेमारात जन्मली होती?"

पोशाख अठराव्या शतकातला. कुणा काउंटेसनं वाहिलेला. हस्तिदंती रेशीम, त्यावर गुलाबी फुलांच्या माळा, शिंपले, फिती आणि रुपेरी जर. उचलायला दोघी लागत, इतका जड. एर्सीलियाच्या आईनं घालून दिलेला नियम एकच होता. मादोनाच्या अंगावरचा आतला पांढरा झगा कधी काढायचा नाही. तिच्या आईलाही तिच्या आईनं तेच सांगितलेलं. त्या पांढऱ्या झग्यावर पोशाख बसवायचा आणि खांद्यापाशी, कमरेपाशी टाचण्या मारायच्या, थेट आतल्या लाकडात. एर्सीलिया टाचण्या ओठांत धरायची. आम्हीही.

"आमच्या घराण्यात भांडणं कमी," ती सांगायची. "वर्षातून एक दिवस तरी सगळ्यांच्या तोंडात टाचण्या असतात."

टाचणी सहज आत जायची. "आई म्हणायची, मादोना आपल्या हाताला वाट करून देते," असंही ती एकदा म्हणाली होती.

मग एका जुलैत चौरंगाच्या काळ्या कापडावर बारीक पिवळसर भुकटी पडलेली तिला दिसली. तिनं पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. तिनं बोट ओलं करून ती टिपली, उजेडात धरली आणि बाकावर बसली. लाकडाला कीड लागली होती.

सांगितलं तर काय होणार, हे तिला ठाऊक होतं. सरकारच्या पुराणवस्तू खात्याची माणसं येणार, मादोनाला शहरात नेणार, पोशाख उतरवणार, आतला झगाही उतरवणार. आणि एकदा मादोना त्यांच्या हाती गेली की तिला पोशाख चढवायला परत आपल्याला बोलावतील की नाही, हे कुणी सांगावं? दुसरा कुठलाही मान तिला आयुष्यात मिळालेला नव्हता. संध्याकाळी ती फादरांकडे गेली आणि सांगून आली.

चौरंग वाहणाऱ्यांचा म्होरक्या होता क्विरिनो सुतार, तिच्या नवऱ्याचा दोस्त. तो भडकला.

"वहिनी, गप्प बसता येत नव्हतं? मी मुकाट्यानं रॉकेल चोपडून दिलं असतं!"

"म्हणजे किडा मेला असता आणि पहिल्याच मेणबत्तीला मादोना पेटली असती."

"आता बसा चौरंगावर फोटो ठेवून!"

आणि त्या वर्षी खरंच फोटो ठेवून मिरवणूक काढावी लागली. वाहणारे नेहमीच्या सवयीनं वाकले आणि काहीच वजन नाही म्हणून अडखळले.

पुढच्या जानेवारीत शहरातल्या मूर्तीदुरुस्तीच्या कार्यशाळेतून बोलावणं आलं. एर्सीलिया मला सोबत घेऊन गेली. मूर्तीचं काम लुदोविका नावाच्या मुलीकडे होतं. तिशीची, केसांत चष्मा खोचलेली, बोटांना डिंकाचा वास. तिनं आम्हाला आधी कॉफी पाजली.

"मावशी, बघण्याआधी जरा बसा," ती म्हणाली. "आम्हीसुद्धा बसलो होतो."

आतल्या झग्याखाली नुसता लाकडाचा सांगाडा असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथे पुरी मूर्ती होती. लाल अंगरखा, सोन्याचा काठ, निळी शाल, आणि हे सगळं लाकडात कोरलेलं. एक गुडघा किंचित वाकलेला, जणू ती आत्ता पाऊल टाकेल. शालीची घडी गुडघ्यावरून खाली कशी उतरते, ते कोरणाऱ्यानं एखाद्या खऱ्या बाईला उभी करून पाहिलं असणार. पण हात कोपरांच्या वर कापलेले होते. तिथे कठपुतळीसारखे वळणारे हात ठोकले होते. आम्हाला ओळखीचे होते ते हेच हात.

"ही पाचशे वर्षांपूर्वीची," लुदोविका म्हणाली. "रेनेसाँच्या वेळची. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी लोकांची आवड बदलली. खरं कापड ल्यालेली, हात पसरून बोलावणारी, हलते आहे असं वाटणारी मादोना हवी झाली. झग्यात लाकडाचे हात आड येत होते. म्हणून करवत चालवली."

"चर्चमध्ये? करवत?"

"प्रेमानंच चालवली असेल, मावशी. नुसता राग आला असता तर जाळून टाकली असती."

मी वर्गात दरवर्षी युरोपातल्या कलेच्या काळांचा एक तक्ता टांगायचे. रेनेसाँ निळ्या रंगात, बरोक लाल, रोकोको गुलाबी. एक पट्टा संपला की दुसरा सुरू. इथे तिन्ही काळ एकाच बाईच्या अंगावर चढले होते. एकानं तिला घडवलं, दुसऱ्यानं तिचे हात कापले, तिसऱ्यानं तिला रेशमात गुंडाळलं. आणि तिघांनाही ती मनापासून आवडली होती.

एर्सीलिया मात्र हात बघत नव्हती. ती मूर्तीच्या खांद्यापाशी गेली होती. खांदा शिंप्यानं बोटात घालायच्या अंगुस्तानासारखा दिसत होता, भोकाला लागून भोक.

"ह्या टाचण्यांच्या?"

"हो."

"आमच्या."

"सगळ्यांच्या, मावशी. कितीतरी पिढ्यांच्या. आणि आतून किडीनं पोखरलेलं होतं, म्हणून टाचणी लोण्यात जावी तशी जात होती. तुम्ही भुकटीबद्दल सांगितलं नसतं तर अजून थोड्या वर्षांत खांदाच निसटला असता."

परतीच्या बसमध्ये एर्सीलिया खिडकीबाहेर बघत राहिली. मायेल्ला डोंगराच्या माथ्यावर बर्फ होतं. गाव दिसायला लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "मादोना वाट देत नव्हती, बाई. किडा देत होता."

वसंतात लुदोविका स्वतः गावात आली आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहिली. मूर्ती बरी झाली आहे, उन्हाळ्यात परत येईल, पण आता पोशाख नाही, असं खात्याचं म्हणणं होतं. एकच गलका झाला. क्विरिनो बाकावर उभा राहिला.

"म्हणजे काय, आमच्या मादोनाला उघडी फिरवायची?"

"उघडी कुठे आहे, दादा? गळ्यापासून पायापर्यंत झगा आहे."

"लाकडाचा!"

"मादोनाही लाकडाचीच आहे," मागून कुणीतरी म्हणालं, आणि त्याला त्याच्या बायकोनं पर्सनं मारलं.

"वहिनी, तुम्ही बोला!" क्विरिनो ओरडला. "ह्या मानासाठी तुमची आई मरेस्तोवर..."

एर्सीलिया उठली. तिच्या हातात कोटाचं बटण होतं, ते ती फिरवत होती. तिनं रडावं किंवा भांडावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

"पोरी," तिनं लुदोविकाला विचारलं, "तुम्ही नको म्हणता ते टाचणीला की पोशाखाला?"

लुदोविकानं चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला. "टाचणीला. वजनाला. आणि पोशाख वर्षभर अंगावर राहतो, आत काय चाललंय ते कळत नाही, त्याला."

"म्हणजे पोशाखाला नाही."

"...मला वर विचारावं लागेल, मावशी."

"विचारा. तोवर मी शिवायला घेते."

तिला परवानगी मिळेल असं मला वाटत नव्हतं. तिलाही वाटत होतं की नाही, कोण जाणे. पण ती कामाला लागली. अंदाज घ्यायला मूर्तीएवढा पुतळा हवा होता. तो करणार क्विरिनो, आणि त्याला मापं द्यायला हवीत. मादोनाच्या छातीचं नि कमरेचं माप ऐकायचं म्हटल्यावर साठी उलटलेला तो माणूस लाजून लाल झाला.

"वहिनी, तुम्ही भिंतीकडे तोंड करून सांगा."

"तूच कर भिंतीकडे तोंड. मला कागद वाचायचाय."

पुतळा झाला. एर्सीलियानं जाड लोकरी कापडाची एक चोळी शिवली. ती लाकडाला न घासता खांद्यांवर बसेल आणि पोशाखाचा सगळा भार चोळीच घेईल, अशी. पोशाख चोळीला नाड्यांनी बांधायचा. पहिला प्रयत्न खांद्यावरून घसरला. दुसऱ्यात मादोना मैद्याच्या पोत्यासारखी दिसायला लागली. लुदोविका शनिवारी बसनं यायची, गाठींवरून बोट फिरवायची आणि मान हलवायची.

"ही गाठ काचते, मावशी."

"कुठं काचते? मला लागत नाही."

"तुमचा रंग निघत नाही, तिचा निघतो."

मग उसवाउसव, मग चीज-अंड्याचे वडे, मग पुन्हा गाठी. नवा झगा पातळ रेशमाचा होता. फुलं एर्सीलियानं जुन्या पोशाखावर बघून सुईनं भरली, पण थोडीच, कारण प्रत्येक फुलाला वजन असतं. मे महिना संपत आला तेव्हा लुदोविकानं पुतळ्याची नाडी ओढून पाहिली, खाली वाकून पाहिली, पुन्हा ओढली आणि म्हणाली, "आता मी हे वर नेते."

उत्तर जुलैत आलं. सणाच्या आठवड्यात हा हलका पोशाख चालेल. बाकी वर्षभर मूर्ती स्वतःच्या कोरलेल्या झग्यात राहील, आणि काउंटेसचं रेशीम काचेच्या कपाटात. एर्सीलियानं भांडं घासता घासता ऐकलं आणि भांडं दोनदा घासलं.

मूर्ती परत आल्यावर तिनं एक गोष्ट केली, जी तिच्या आईनं कधीच केली नसती. पोशाख चढवण्याआधी तीन दिवस तिनं चर्चची दारं सताड उघडी ठेवायला लावली. "आधी सगळ्यांनी बघून घ्या," ती म्हणाली. "पुरुषांनीसुद्धा." लोक आले, घुटमळले, जवळ गेले. फादर इलारिओ सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. क्विरिनोनं टोपी काढली आणि त्या वाकलेल्या गुडघ्याकडे बघून म्हणाला, "ज्यानं हे कोरलं त्याच्या कारखान्यात माझी नुसता केर काढायची लायकी."

मग दारं बंद झाली आणि आम्ही चौघींनी पोशाख चढवला. तोंडात टाचण्या नव्हत्या. त्यामुळे आम्ही इतक्या बोलत होतो की फादरांनी बाहेरून दार वाजवलं.

मिरवणुकीत कारंज्यापाशी एक म्हातारी म्हणालीच, "कसलं हे, परकरासारखं!"

"आजी," चौरंगाखालून क्विरिनोचा आवाज आला, "जुना पोशाख मी तीस वर्षं खांद्यावर वाहिलाय. हा फार सुंदर आहे."

वाहणारे हसले आणि चौरंग हलला. तरी गाठ एकही सुटली नाही.

एर्सीलिया आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या उजव्या अंगठ्यात संधिवात आहे, त्यामुळे पोशाख ती स्वतः चढवत नाही. खुर्चीवर बसून सांगते. बुधवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत ती तीन बायकांना नाड्या बांधायला शिकवते. त्यांतली एकही तिच्या घराण्यातली नाही, आणि तिघींत सगळ्यात चांगली गाठ मारते ती क्विरिनोची अल्बेनियाहून आलेली सून.